पेडल स्टील गिटारचा पिकअप खरंच बिघडलाय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून धातूच्या बारने वाजवायची आणि पेडल-लिव्हरने तारांचे सूर बदलायची गिटार. मुंबईत अशा गिटारी फारशा दिसत नाहीत. पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबक-कॉइलचा भाग) गेला तर दुकानात जाऊन तसाच दुसरा आणता येत नाही, परदेशातून मागवावा लागतो. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मोजमाप करा. बिघाड पिकअपमध्ये आहे असं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा तो लीड (जोडायची केबल), व्हॉल्यूम पेडल, जॅक किंवा सिलेक्टर स्विचमध्ये निघतो. खालची माहिती दहा तारांच्या, ई९ किंवा सी६ (तारा जुळवायच्या दोन पद्धती) ट्यूनिंगच्या गिटारी धरून लिहिली आहे. ऑर्केस्ट्रातल्या जुन्या इलेक्ट्रिक हवाईयन गिटारींनाही ती बरीचशी लागू पडते, फक्त रीडिंग वेगळी येतात.

आवाज एकदम बंद झालाय. सुरुवात कुठून करू?

अ‍ॅम्पकडून गिटारकडे या. उलट गेलात तर चांगला पिकअप विनाकारण उघडला जातो.

अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम अगदी कमी ठेवा. लीडचं एक टोक अ‍ॅम्पमध्ये लावा आणि दुसऱ्या टोकाच्या पिनेच्या टोकाला बोट लावा. घरघर आली तर अ‍ॅम्प आणि लीड ठीक आहेत. (अ‍ॅम्पला अर्थिंग आहे याची खात्री असेल तरच हे करा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.) मग व्हॉल्यूम पेडल पूर्ण काढून गिटार थेट अ‍ॅम्पला जोडा. इथेच आवाज परत आला तर शोध संपला, दोष पेडलमध्ये आहे. नाही आला तर जॅकमध्ये पिन हलवून बघा. गिटार दोन नेकची (तारांचे दोन संच असलेली) असेल तर सिलेक्टर दुसऱ्या नेकवर टाका. दुसरा नेक वाजतोय म्हणजे जॅक आणि बाहेरची सगळी जोडणी ठीक आहे. मग संशय उरतो स्विचवर, आतल्या वायरवर आणि शेवटी पिकअपवर.

स्विच पंधरा-वीस वेळा जोरात इकडून तिकडे करा. समुद्राच्या हवेत स्विचच्या आतल्या पट्ट्यांवर थर बसतो, तो घासला गेला की पुष्कळदा आवाज लगेच परत येतो. तसं झालं तर काम संपलं असं समजू नका, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ठेवा. गंज काढायचा तेलकट स्प्रे इथे वापरू नका. तेलावर धूळ बसते आणि काही महिन्यांत तोच त्रास पुन्हा होतो.

पिकअप जिवंत आहे हे पटकन कसं कळेल?

अ‍ॅम्प हळू आवाजात चालू ठेवून छोट्या स्टीलच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका पोलपीसला (प्रत्येक तारेखालच्या चुंबकाच्या खुंटीला) हळूच टेकवा. पिकअप चांगला असेल तर प्रत्येक वेळी ‘टक’ असा स्पष्ट आवाज येतो आणि दहाही ठिकाणी तो साधारण सारखा असतो.

स्क्रूड्रायव्हर घट्ट धरा. चुंबक तो ओढून घेतो. टोक घसरून कॉइलच्या कडेवर आदळलं तर तिथली वायर तुटते, आणि तपासणीतच पिकअप जातो. कॉइलवर आवरण नसलेल्या जुन्या पिकअपवर तर दोन्ही हात टेकवूनच हे करावं.

मल्टिमीटरने रेझिस्टन्स कसा मोजायचा?

गिटार अ‍ॅम्पपासून सोडवा. गिटारच्या जॅकमध्ये साधा लीड लावा आणि त्याच्या मोकळ्या टोकाच्या पिनेवर मीटर लावा, एक प्रोब टोकाला आणि एक दांड्याला. मधे व्हॉल्यूम पेडल नको. पेडल मधे राहिलं तर रीडिंग फसवं येतं. पाय पूर्ण खाली दाबलेला असेल तर १८ किलोओहमचा पिकअप पेडलमधल्या ५०० किलोओहमच्या पॉटला (आवाज कमी-जास्त करणाऱ्या रेझिस्टरला) समांतर जातो आणि साधारण १७.४ दाखवतो. टाच खाली असेल तर शून्य, आणि पेडल मधेच राहिलं तर शंभर किलोओहमच्या वरचा कुठलाही आकडा. तो पाहून अनेकजण पिकअप मोडीत काढतात.

मीटर २० किलोओहम रेंजवर ठेवा. स्टील गिटारचे पिकअप जास्त वेढ्यांचे असल्यामुळे काहींचं रीडिंग या रेंजच्या वर जातं आणि स्वस्त मीटर नुसता ‘१’ दाखवतो. म्हणजे कॉइल तुटली असं नाही. २०० किलोओहमवर टाकून परत बघा. दोन्ही प्रोबांची धातूची टोकं दोन्ही हातांच्या बोटांत धरू नका, अंगाचा रेझिस्टन्स समांतर जोडला जातो. घामट हातांनी फरक जास्त पडतो. मगरचिमटे वापरलेले बरे.

आतल्या व्हॉल्यूम-टोन पॉटची गिटार असेल तर पिकअपची एक वायर सोडवल्याशिवाय खरं रीडिंग मिळणार नाही.

किती रीडिंग यायला हवं?

दहा तारांच्या सिंगल कॉइलला साधारण १५ ते २० किलोओहम. कमी वेढ्यांचे, हमबकर (घरघर कापणारे दोन कॉइलचे) आणि जुन्या आठ तारांच्या गिटारींचे पिकअप याहून बरेच खाली असू शकतात. सहा तारांच्या हवाईयन गिटारवर ५ ते १० किलोओहमही ठीक आहे. त्यामुळे बाहेरच्या आकड्यापेक्षा पिकअप चांगला असताना तुम्ही स्वतः लिहून ठेवलेला आकडा जास्त कामाचा. आज सगळं ठीक चालत असेल तर आजच मोजून केसच्या झाकणाच्या आत चिठ्ठी लावा, आणि त्यावर खोलीचं तापमानही लिहा.

तापमान कशासाठी? तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांच्या एसी स्टुडिओत १८ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात ३२ अंशांच्या खोलीत साधारण १८.८५ दाखवेल. हा बिघाड नाही.

मीटर कुठल्याच रेंजवर आकडा दाखवत नसेल, नुसता ‘१’ राहत असेल, तर कॉइल किंवा तिचं कनेक्शन तुटलं आहे. शून्य किंवा काही ओहमच आले तर बाहेरची वायर कुठेतरी शिल्डला (वायरीभोवतीच्या धातूच्या जाळीला) टेकली आहे, कॉइल बहुधा सुखरूप आहे. नेहमीच्या निम्मं रीडिंग असेल तर कॉइल आत कुठेतरी शॉर्ट झाली आहे किंवा टॅप असलेल्या (कॉइलच्या मधूनही वायर काढलेल्या) पिकअपचा स्विच दुसरीकडे आहे, तो आधी बघा. आकडा सतत नाचत असेल तर ड्राय सोल्डर (कच्चा जोड) किंवा गंजत आलेली वायर. रीडिंग अगदी बरोबर येऊनही आवाज मंद आणि बसका असेल तर थोडेसेच वेढे आपसात शॉर्ट झालेले असू शकतात. डीसी रेझिस्टन्समध्ये ते जवळजवळ दिसत नाहीत. इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर आणि त्याच मॉडेलचा दुसरा चांगला पिकअप तुलनेला असेल तरच ते पकडता येतात.

आवाज येतो, पण अगदी बारीक आणि चिरका. खालचे सूर गायबच.

हे तुटलेल्या कॉइलचं लक्षण आहे. वायर तुटली तरी तुटलेल्या टोकांमधल्या कपॅसिटन्समधून थोडा ट्रेबल पलीकडे जातो, म्हणून आवाज पूर्ण बंद होत नाही. ‘आवाज येतोय म्हणजे कॉइल चांगली’ असं म्हणू नका. मीटर लावा.

एखादं पेडल किंवा नी लिव्हर (गुडघ्याने ढकलायचा दांडा) दाबलं की करकर होते किंवा आवाज जातो. हे पिकअपचंच ना?

बहुधा नाही. पेडल स्टीलच्या पोटात पुल रॉड, बेलक्रँक आणि क्रॉस शाफ्ट हे पेडल-लिव्हरच्या यंत्रणेचे भाग सतत हलत असतात, आणि पिकअपची शिल्डेड वायर त्यांच्याच शेजारून जॅककडे जाते. ती नीट बांधलेली नसेल तर रॉडला घासत राहते. आधी वरचं प्लॅस्टिक जातं. मग जाळी रॉडला टेकते, तेव्हा करकर सुरू होते. शेवटी आतली वायर जाळीला टेकते आणि त्या एकाच पेडलवर आवाज बंद होतो, पाय उचलला की परत येतो.

गिटार केसमध्ये उलटी ठेवा आणि विजेरीच्या उजेडात वायरीचा पूर्ण रस्ता बघा. दुसऱ्या माणसाला एकेक लिव्हर हाताने हलवायला सांगा. घासलेल्या जागी वायर चपटी आणि चकचकीत झालेली दिसते. तेवढ्यावर श्रिंक स्लीव्ह चढवून भागत नाही, जॅकपर्यंतची वायर नवीन टाका आणि गिटारच्या आतल्या भिंतीला दर १० ते १२ सेंटिमीटरवर चिकटणाऱ्या क्लिपने बांधा. तारा पूर्ण उतरवलेल्या असतील तर मात्र गिटार उलटी करू नका. काही गिटारींत नटचे (तारा जुळवायच्या टोकाकडच्या आधाराचे) रोलर सुटे असतात, प्रत्येकाची खाच त्या-त्या तारेच्या जाडीची असते आणि ते एकत्र खाली पडले की क्रम लावताना नाकी नऊ येतात.

घरघर फार आहे. सिंगल कॉइल म्हणून सोडून द्यायचं?

थोडी घरघर सिंगल कॉइलला असतेच, पण ती कुठून येते हे शोधता येतं. अ‍ॅम्प चालू ठेवून गिटारची दिशा हळूहळू बदला. दोन नेकची गिटार फिरवणं सोपं नाही, तेव्हा दोघांनी मिळून पाव फेरी फिरवा. दिशेनुसार घरघर कमी-जास्त होत असेल तर ती बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रातून येते आणि पिकअप आपलं काम बरोबर करतोय. दिशेने काहीच फरक पडत नसेल तर शिल्ड सुटलं आहे किंवा अर्थिंगचा दोष आहे.

मुंबईच्या घरात बाहेरचा त्रास नेमका कुठून येतो तेही सांगतो. सगळ्यात वरचा नंबर पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा. गोल फिरवायचा, ट्रायॅकवर चालणारा रेग्युलेटर विजेची लाट कापून पंखा हळू करतो आणि त्यातून १०० हर्ट्झची बोचरी भणभण उठते. पंखा पूर्ण वेगात टाका किंवा बंद करा, फरक लगेच कळेल. टप्प्याटप्प्याचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की हा त्रास जवळपास संपतो. त्याखालोखाल चोकवाल्या ट्यूबलाइट, एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर आणि मोबाइलचे चार्जर. गणपतीच्या मंडपात लायटिंगचे डिमर हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात. तिथे गिटारची लाइन डिमरच्या फेजवर घेऊ नका, आणि लीड लायटिंगच्या केबलला समांतर टाकू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प असेल तर त्याचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सीटखाली ठेवण्याची सवय सोडा. तो पिकअपपासून दोन मीटर तरी लांब हवा. रुळांना लागून असलेल्या इमारतीत लोकलच्या ओव्हरहेड तारांतून २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झचा एसी वाहतो. तिथे गाडीच्या ये-जा बरोबर घरघर बदलत असेल तर पिकअप उघडून काही हाती लागणार नाही. बसायची दिशा बदला, तेवढ्याने नाही भागलं तर हमबकर बसवा.

तारांना हात लावला की घरघर कमी होते. हे चांगलं की वाईट?

चांगलं. चेंजर (तारांचा सूर बदलणारी, त्यांच्या टोकाची यंत्रणा) आणि तारा ग्राउंडला जोडलेल्या आहेत एवढाच त्याचा अर्थ. काहीच फरक पडत नसेल तर ती वायर सुटली असेल किंवा मुळातच नसेल, काही गिटारींत ती नसते. हात लावल्यावर घरघर वाढली तर जॅकवर किंवा पिकअपवर हॉट (सिग्नलची वायर) आणि ग्राउंड उलटे जोडले गेलेत का ते तपासा. नुकताच कोणी पिकअप काढून परत बसवला असेल तर हमखास हेच असतं.

तारांवर झिणझिण्या येतात.

वाजवणं ताबडतोब थांबवा. हा प्रश्न पिकअपचा नाही आणि तो हलक्यात घेऊ नये. स्टील वाजवणाऱ्याच्या एका हातात धातूचा बार असतो, दुसऱ्या हाताच्या बोटांत धातूचे पिक आणि दोन्ही तारांवर. शॉक लागला तर तो एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जातो.

कारण बहुतेक वेळा अर्थिंग नसणं हेच असतं. जुन्या चाळींत आणि काही हॉलमध्ये तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण अर्थच्या भोकामागे वायरच नसते. किंवा अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन घरघर कमी करायला कोणीतरी कापलेली असते. वायरमनकडून सॉकेटला खरं अर्थिंग आहे का ते मोजून घ्या, फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. बोर्डावर ३० मिलिअ‍ॅम्पचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा. कार्यक्रमाच्या ठिकाणी बार तारांवर टेकवण्याआधी तारांना टेस्टर लावून बघा. तो पेटला तर गिटारला हात लावू नका, मग आयोजक कितीही घाई करोत.

दोन अ‍ॅम्प किंवा मिक्सर जोडल्यावर घरघर आली तर ती ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआय बॉक्सने (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडायच्या डबीने), सिग्नलच्या बाजूला ग्राउंड लिफ्ट करून घालवा. विजेच्या बाजूचं अर्थिंग कधीही तोडू नका.

आवाज वाढवला की शिट्टी येते, लिव्हरचा खटका अ‍ॅम्पमधून ऐकू येतो.

पिकअप मायक्रोफोनिक झाला आहे. वेढे सैल झाले किंवा जुनं मेण सुकून सुटलं की कॉइल स्वतःच थरथरते. यांत्रिक खटका थोडा ऐकू येणं स्टील गिटारमध्ये नैसर्गिक आहे. पण पिकअपजवळ तोंड नेऊन बोललेलं अ‍ॅम्पमधून कळत असेल तर मेण घालायची वेळ झाली. त्याआधी पिकअपचे स्क्रू आणि खालची प्लेट घट्ट आहे ना ते बघा, नुसती सैल प्लेटही शिट्टी देते.

मेणाचं प्रमाण वजनाने ८० टक्के पॅराफिन आणि २० टक्के मधमाश्यांचं मेण. भांडं थेट आचेवर ठेवू नका, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून मेण वितळवा. मेणाची वाफ पेट घेते. स्वयंपाकघरातला थर्मामीटर बुडवून ठेवा आणि तापमान ६५ अंशांच्या आसपास राखा. ७० च्या वर गेलं तर प्लॅस्टिकचा बॉबिन (ज्यावर कॉइल गुंडाळतात तो सांगाडा) वाकडा होतो, आणि वाकडा झालेला सरळ होत नाही. पिकअप वायरीने टांगून सोडा, तळाला टेकू देऊ नका. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण १५ ते २० मिनिटं ठेवा. बाहेर काढून वरचं मेण मऊ कापडाने पुसा आणि पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. फार जुना, मूळचा पिकअप असेल आणि त्रास फक्त स्टेजवरच्या मोठ्या आवाजात होत असेल, तर अ‍ॅम्पची जागा बदलून भागतंय का ते आधी पाहा. मूळ कॉइल गरम करण्याचा धोका उगाच घेऊ नये.

एकच तार कमी किंवा जास्त वाजते.

आधी ती तार बदला. ई९ मधली सहावी, म्हणजे खालच्या सप्तकाची जी शार्प, साधी .०२० लावली आहे की गुंडाळलेली .०२२ हे बघा. साधी तार गुंडाळलेलीपेक्षा ठळक वाजते, कारण तिच्यात चुंबकाला जाणवणारं पोलाद जास्त असतं. इथे पिकअप निर्दोष असतो.

तार बदलूनही फरक नसेल तर ती पोलपीसच्या बरोबर वर आहे का ते वरून पाहा. त्यानंतर पोलपीसवर चिकटलेला लोखंडाचा चुरा. तारा आणि पिक झिजून हा काळा चुरा चुंबकावर मिशीसारखा उभा राहतो. ब्रशने झटकला तर तो आत कॉइलकडे जातो, म्हणून सेलोटेप चिकटवून वर उचला. शेवटी चुंबक. छोटी टाचणी एकेका पोलपीसजवळ नेली की ज्याची ओढ मंद आहे तो लगेच कळतो.

पिकअप तारांपासून किती खाली हवा?

३ ते ४ मिलिमीटरपासून सुरुवात करा. चार जुनी एटीएम कार्डं एकावर एक ठेवली की ३ मिलिमीटर होतात, पाच ठेवली की ३.८. जवळ आणला तर आवाज मोठा होतो, पण चुंबक तारेला खेचतो आणि लांब धरलेला सूर लहरत राहतो, ट्यूनर स्थिर होत नाही. त्यावेळी चेंजरला दोष देऊ नका, पिकअप अर्धा मिलिमीटर खाली घ्या. पहिल्या आणि दहाव्या तारेखाली वेगवेगळं अंतर ठेवायला हरकत नाही.

ट्रेबल गेला, आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो.

पिकअपआधी केबलची लांबी बघा. साध्या लीडचा कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असतो. गिटार ते पेडल आणि पेडल ते अ‍ॅम्प मिळून १० मीटर झाले की १००० पिकोफॅरड झाले, आणि १८ किलोओहमच्या पिकअपचा वरचा आवाज त्यात बुडतो. दीड मीटर आणि साडेचार मीटर असे लीड घेऊन बघा. पेडलचा पॉट कोणी बदलला असेल तर तो ५०० किलोओहमचाच आहे ना हे पाहा, २५० चा पॉट पिकअपवर जास्त भार टाकतो. लांब केबलशिवाय इलाज नसेल तर गिटारच्या पायाजवळ बफर (सिग्नलला केबलच्या भारापासून वाचवणारं छोटं सर्किट) लावा.

पावसाळ्यात पिकअप का जातात?

कॉइलची वायर ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर जाडीची, केसापेक्षा बारीक, आणि एका पिकअपमध्ये ती दोन ते अडीच किलोमीटर भरते. इनॅमलला कुठेही टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असलं की दमट, खारी हवा तिथे तांब्यावर हिरवा थर आणते आणि काही महिन्यांत वायर तुटते. बहुतेक वेळा सोल्डरच्या जागी, कारण तिथे फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या पदार्थाचा) अंश उरलेला असतो. वाजवून झाल्यावर हाताचा घाम तारांवरून आणि पिकअपवरून कोरड्या कापडाने पुसा. केसमध्ये सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की वाळवून परत ठेवा. ओल्या गाडीतून आणलेली केस बंद ठेवून देऊ नका.

तुटलेली कॉइल घरी जोडता येते का?

बाहेरचं टोक तुटलं असेल तर येते. आतलं, म्हणजे वाइंडिंग जिथून सुरू झालं ते टोक बॉबिनच्या तोंडाशीच तुटलं असेल तर बहुतेक पिकअप नव्याने गुंडाळावाच लागतो.

बाहेरच्या टोकासाठी वरची टेप काढावी लागते. नेमकी तिथेच घाई नडते, कारण टेपच्या डिंकाला चिकटून वरचे वेढेही निघून येतात. हेअर ड्रायरने टेप कोमट करा आणि ती वर न ओढता मागे दुमडत, कॉइलला जवळजवळ समांतर काढा. भिंगातून सुटं टोक शोधा. चिमट्याने एक वेढा उलगडून घ्या, ताण ठेवू नका. टोकाच्या ५ मिलिमीटरवरचं इनॅमल काढा. पॉलियुरेथेनचं इनॅमल गरम सोल्डरच्या थेंबात आपोआप जळतं. जुन्या वायरीचं जळत नाही, ते बारीक पॉलिश पेपर बोटांत दुमडून अगदी हलक्या हाताने घासावं लागतं. आता वायर जाड लीडला दोन-तीन वेढे देऊन सोल्डर करा, जोड कॉइलवर सपाट बसवा आणि मोजा. रीडिंग आलं की मगच टेप लावा. २५ वॅटचा सोल्ड्रॉन (सोल्डरिंग आयर्न), ६०/४० चं ०.८ मिलिमीटर सोल्डर आणि बारीक बिट एवढं सामान पुरतं. अ‍ॅसिडवाला फ्लक्स मात्र नको, तो पुढच्या पावसाळ्यात वायर खातो.

मुंबईत रिवाइंड करून मिळेल का? वायर कुठे मिळते?

ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर पॉट, जॅक, शिल्डेड वायर, श्रिंक स्लीव्ह सगळं मिळतं. वाइंडिंग वायर मागताना एक घोटाळा हमखास होतो. पिकअपच्या माहितीत लिहिलेला ४२, ४३, ४४ गेज अमेरिकन असतो आणि आपल्याकडे दुकानदार एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) समजतो. एसडब्ल्यूजी ४२ ची वायर ०.१ मिलिमीटर जाड असते. ती बॉबिनवर निम्मेसुद्धा वेढे बसू देणार नाही. अमेरिकन ४२ गेज म्हणजे ०.०६३ मिलिमीटर, एसडब्ल्यूजीत साधारण ४६. अमेरिकन ४४ म्हणजे ०.०५ मिलिमीटर, साधारण एसडब्ल्यूजी ४७. तेव्हा गेज सांगूच नका, मिलिमीटरमध्ये मागा आणि मायक्रोमीटरने मोजून घ्या.

मोटार वाइंडिंग करणाऱ्याकडे पिकअप देऊ नका. त्याच्या हाताला आणि मशीनला जाड वायरीचा ताण सवयीचा असतो. इतकी बारीक वायर त्या ताणाला तुटते, किंवा न तुटता लांबते आणि पुढे कधीतरी तुटते. गिटारचे पिकअप गुंडाळणारा कारागीरच हवा, आणि जुनी वायर काढताना वेढे मोजणारा हवा. नुसता रेझिस्टन्स जुळवला तर वायरची जाडी बदलल्यावर वेढे बदलतात आणि आवाजही बदलतो.

नवा पिकअप बसवला. एकाच नेकवरचे दोन पिकअप एकत्र चालू केले की आवाज पोकळ येतो.

दोन पिकअप उलट फेजमध्ये आहेत. एकाच्या दोन वायरी अदलाबदल करा. मात्र पिकअपची एक वायर शिल्ड किंवा धातूच्या प्लेटला जोडलेली असेल तर ती हॉट करू नका, घरघर येईल. अशा वेळी दुसऱ्या पिकअपच्या वायरी बदला. चार वायरींच्या हमबकरमध्ये रंगांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. मीटरने जोड्या शोधून कागदावर लिहा, मग सोल्डर करा.

परदेशातून पिकअप मागवताना कोणती मापं कळवावीत?

तारांची संख्या. पिकअपच्या जागी, म्हणजे चेंजरजवळ, पहिल्या तारेच्या मध्यापासून दहाव्या तारेच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे नटवर मोजू नका, तिथे ते वेगळं असतं. नेकमधल्या खाचेची लांबी, रुंदी आणि खोली, स्क्रूच्या भोकांमधलं मध्य ते मध्य अंतर, आणि स्क्रू वरून येतात की खालून. सगळं मिलिमीटरमध्ये, व्हर्नियरने. जुना पिकअप काढताना तारा एकदम सैल करू नका, थोड्या थोड्या करून सगळ्या सारख्या उतरवा आणि नटजवळ आडवी टेप लावून ठेवा. परत चढवल्यावर ट्यूनिंग स्थिर व्हायला वेळ लागतो, त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या रात्री हे काम काढू नका.